दिवसाच्या नोंदीची कुळकथा

चिखलदऱ्याच्या पठारावरून मेळघाटाच्या अरण्यात उतरणाऱ्या वाटांवर आज जो वनरक्षक गस्तीस निघतो, त्याच्या हाती एक मोबाईल असतो. त्यातील एम-स्ट्राइप्स नामक प्रणाली तो कोणत्या वाटेने किती चालला, वाघाचा माग कोठे आढळला, कुऱ्हाडीची खूण कोणत्या झाडावर दिसली, या सर्वांची स्थळकाळासह नोंद ठेवते. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या साहाय्याने २०१० साली ती प्रचारात आणली. नगरवासी मनुष्य आपल्या दैनंदिन कामांचा पसारा आवरण्यासाठी जी साधने वापरतो, त्यांचेच हे अरण्यातील भावंड होय. आणि या साऱ्या साधनांचे मूळ शोधू लागले असता, पठारालगतच उभ्या असलेल्या गाविलगडाच्या गतकाळाशी आपली गाठ पडते.

१५९६ साली वऱ्हाड अकबराच्या अमलाखाली गेले आणि मोगल साम्राज्याचा एक सुभा बनले. अबुल फजलाने आपल्या ‘आईन-इ-अकबरी’त या सुभ्याचे वर्णन करताना गाविलगडाच्या बळकटपणाची मुक्तकंठाने प्रशंसा केली आहे. त्याच ग्रंथात वाकेनविसांविषयीचे एक प्रकरण आहे. बादशहाने चौदा अनुभवी व निःपक्षपाती लेखनिक नेमले होते, आणि त्यांतील दोघेजण पाळीपाळीने रोज हजर राहून दरबारातील हुकूम, अर्ज, नेमणुका यांची टिपणे करीत. ही टिपणे तपासून बादशहापुढे ठेवली जात, त्याची मंजुरी मिळाल्यावर त्यांच्या नकला होत, आणि जबाबदार अधिकाऱ्यांच्या सह्या झालेल्या अशा पक्क्या लेखास ‘याददाश्त’ ही संज्ञा होती. दिवसाचे काम त्याच दिवशी लिहावे, दुसऱ्याने ते तपासावे, आणि तपासलेले पुढे हवे तेव्हा सापडावे, ही त्रिविध शिस्त येथे पूर्ण रूपात दिसते.

मराठेशाहीने हा वारसा उचलला आणि अधिक विस्तारला. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत मंत्री अथवा वाकनीस यांजकडे महाराजांच्या नित्यक्रमाची व दरबारातील घडामोडींची नोंद ठेवण्याचे काम होते. पुढे पेशव्यांच्या दफ्तरात रोजकीर्दीची वही तिथीवार चाले, तर खतावणीत त्याच नोंदी विषयवार उतरविल्या जात. अशा रीतीने एकच व्यवहार काळाच्या अंगाने व प्रकरणाच्या अंगाने, दोन्ही वाटांनी सापडे. आजच्या प्रणालींत एकच काम तारखेखालीही दिसते आणि विषयाच्या शीर्षकाखालीही दिसते, त्या सोयीचे बीज रुमालांत बांधलेल्या या कागदांत होते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १९०० साली पेशव्यांच्या रोजनिशींवर जो प्रस्तावनारूप निबंध लिहिला, त्यात केवळ लढायांच्या बखरींवरून न उमगणारा लोकजीवनाचा व राज्यकारभाराचा इतिहास या रोजच्या नोंदींतून कसा उलगडतो, हे त्यांनी दाखवून दिले.

१८०३ च्या डिसेंबरात आर्थर वेलस्लीच्या फौजेने नागपूरकर भोसल्यांकडून गाविलगड घेतला. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराकडे सोपविले. आणि त्यानंतर या डोंगरांत वनखात्याची शिस्त आली. गडाच्या तटावरील पहारा संपला, परंतु गस्त व तिची नोंद राहिली. वनरक्षकाने आपल्या बीटात काय पाहिले व काय केले, ते दैनंदिनीत लिहावे आणि वनपालाने व परिक्षेत्र अधिकाऱ्याने ते तपासावे, ही रीत रूढ झाली. या रीतीचे सर्वांत सुंदर फळ मराठी वाचकांना मारुती चितमपल्ली यांच्या लेखनात मिळाले. मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचे उपसंचालक म्हणून १९९० साली निवृत्त झालेल्या या अधिकाऱ्याने रानातील पशुपक्ष्यांच्या नोंदी आयुष्यभर निष्ठेने राखल्या, आणि सरकारी कर्तव्यातून आलेली सवय विद्येची व साहित्याची साधना होऊन बसली.

इथपर्यंतची ही परंपरा प्रायः झालेल्या कामाची आहे. होणाऱ्या कामास कागदावर जागा देण्याची प्रथा छापील दैनंदिनीमुळे सार्वत्रिक झाली. लंडनच्या जॉन लेट्स याने १८१२ साली वर्षाच्या तारखा आगाऊ छापलेली वही विक्रीस काढली, आणि न उगवलेल्या दिवसाचे पान मनुष्यापुढे कोरे उघडले गेले. महाराष्ट्रात १९७३ साली जयंतराव साळगांवकरांनी सुरू केलेल्या ‘कालनिर्णय’ने हीच सोय स्वयंपाकघराच्या भिंतीवर आणली, दुधाचा रतीब, सिलिंडरची तारीख, भिशीचा दिवस, मुलांची परीक्षा, असा सारा प्रपंच त्या चौकोनांत गृहिणींनी मांडला. अपुरे राहिलेले काम मनात अधिक रेंगाळते, असे ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ विदुषीने १९२७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मांडले होते. ते काम केव्हा व कसे करावयाचे हे ठरविले, की मनावरील त्याचा भार हलका होतो, असे २०११ मधील संशोधनाने त्यास जोडून दाखविले. चौकोनात लिहून निश्चिंत होणाऱ्या गृहिणीस हे अनुभवाने ठाऊकच होते.

१९९६ साली आलेल्या पामच्या हातसंगणकापासून आजच्या असंख्य ॲप्सपर्यंत जी साधने झाली, त्यांनी या दुसऱ्या परंपरेचा, म्हणजे कर्तव्यांच्या यादीचा, अपार विकास केला. ती वेळेवर आठवण देतात, आवर्ती कामे आपोआप पुढे मांडतात. परंतु पहिल्या परंपरेतील तपासणीचा भाग आपण बहुधा सोडून देतो. याद्या वाढत जातात, आणि दिवस कोठे गेला हे सांगणारा लेख कोठेच उरत नाही. डेव्हिड ॲलन याने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या कार्यपद्धतीत साप्ताहिक आढाव्यास एवढे महत्त्व का दिले, याचे उत्तर मला या कुळकथेत मिळते. मेळघाटातील वनरक्षकाचे साधन बदलले तरी त्याची नोंद वरिष्ठ पाहतो, आणि तिच्या आधारे उद्याची गस्त कोठे हवी हे ठरते. आपल्यावर असा वरिष्ठ नसेल, तर ते पद आपणच स्वीकारले पाहिजे: निजण्यापूर्वी आजची यादी उघडावी, झाले ते झाले म्हणून लिहावे, राहिले ते का राहिले याचा एका ओळीत जबाब द्यावा, आणि मगच उद्याचे पान भरावे. साधन कोणतेही असो, वही असो वा मोबाईल, एवढी शिस्त पाळणारा मनुष्य आपल्या वेळेचा खरा कारभारी होतो, असा माझा दृढ विश्वास आहे.