मोटारीचीं घरगुती नांवें

गोंदिया जिल्ह्याच्या पूर्वेस, डोंगर आणि अरण्य यांच्या कडेला सालेकसा हें तालुक्याचें गांव आहे. हावड्याहून नागपूरकडे येणारा लोहमार्ग येथूनच जातो. तो ज्या बंगाल-नागपूर रेल्वेचा, ती कंपनी १८८७ सालीं स्थापन झाली. म्हणजे या मुलुखांत आगगाडी मोटारीच्या आधींची. परंतु आगगाडीच्या भागांना घरांतलीं नांवें कधीं मिळालीं नाहींत. ती परक्याच्या हातची. बंडी मात्र घरची. तिचा आस, तुंबा, आरे, धाव, जूं हे शब्द शेतकऱ्याच्या मुलाला शाळेपूर्वींच येत असत.

मोटार आली ती या शब्दांच्या घरांत पाहुणी म्हणून. मराठी माणसानें बैल हांकले तशीच मोटारही हांकली. क्रियापद बदलण्याची गरज त्याला वाटली नाहीं. घोडागाडीचा टप मोटारीवर चढला, वंगण तेंच राहिलें, हॉर्नचा भोंगा झाला. पुढचे दिवे हे डोळेच आहेत हें तर मुलांना कोणीं शिकवावें लागत नाहीं.

परके शब्दही असेच घरचे झाले. पूर्वीं मोटारीबरोबर जादा चाक नसे. १९०४ सालीं वेल्समधील लॅनेली गांवच्या डेव्हिस बंधूंनीं आऱ्यांवांचूनचें एक चाक तयार केलें. पंक्चर झालेल्या चाकाच्या कडेला तें अडकवावयाचें. दुकान स्टेपनी रस्त्यावर, म्हणून चाकाचें नांव स्टेपनी. इंग्लंडांत तो शब्द मागें पडला, महाराष्ट्रांत घरोघर राहिला. डिकीचीही तीच गोष्ट. मूळची ती सामानाची जागा नव्हेच. गाडीच्या मागील बाजूस उघड्यावर असलेलें तें एक आसन होतें.

बालपणीच्या प्रवासांत खरें मानाचें स्थान पुढचें. अँबॅसडर आणि फिएट या गाड्यांत गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबालाच असे. पुढें अखंड बांक, आणि त्यावर दोघां मोठ्यांमध्यें एका मुलाची सोय. त्या जागेसाठीं भावंडांत झालेले तंटे इतिहासांत नोंदले गेले नाहींत, एवढेंच!

पूर्ण गाडीलाही नांव मिळे. गोलसर नाकाची जुनी फिएट मुंबईकरांनीं डुक्कर फिएट म्हणून ओळखली. नांव असभ्य खरें, पण त्यांत तिरस्कारापेक्षां सलगी अधिक. विदर्भाच्या रस्त्यांवर रंगावरून काळी-पिवळी रूढ झाली. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरांत रस्त्यावरून गेली. अँबॅसडरचें उत्पादन त्यापूर्वींच, २०१४ सालीं थांबलें होतें.

घरच्या माणसानें झांकण उघडून हात काळे केले, तोंवर प्रत्येक भागाची ओळख होती. वाटेंत गाडी तापली कीं सारें कुटुंब खालीं उतरे, ओढ्याचें पाणी आणी, आणि वाफ विरेपर्यंत मुलांना यंत्राचें दर्शन घडे. आजच्या गाडीचें यंत्र आवरणाखालीं असतें. बिघाड संगणक सांगतो. टायरांतील हवेचा दाब दाखविणारी योजना आणि दुरुस्तीचें साहित्य असल्यास कांहीं गाड्यांना जादा चाकावांचून विकण्याची मुभाही २०२० सालीं मिळाली. माघ पौर्णिमेस सालेकसा तालुक्यांतील कचारगडच्या यात्रेला निघालेल्या अशा गाडींत बापानें स्टेपनी हा शब्द उच्चारला, तर मागें बसलेल्या मुलाला दाखवावयास डिकींत चाकच नसेल.