संक्रमणी धातूंच्या आयनी संयुगांची सूत्रे
लोह, क्रोमियम, मँगॅनीज, कोबाल्ट, तांबे इ. संक्रमणी धातूंना एकाहून अधिक संयुजा असतात. त्यामुळे ‘कॅल्शियम ऑक्साइड’ या नावावरून सूत्र ठरते, तसे ‘लोहाचे ऑक्साइड’ एवढ्यावरून ठरत नाही. रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात माथेरानच्या डोंगरावर याचे उदाहरण आढळते. तेथील काळ्या बेसाल्टात लोह मुख्यतः फेरस (धन २) अवस्थेत असते. पावसाने सिलिका व विद्राव्य घटक वाहून जातात, लोहाचे ऑक्सिडीभवन होते आणि माथ्यावरील तांबड्या जांभ्यात ते फेरिक (धन ३) अवस्थेत साचते. उलट कर्जत-खालापूर भागातील भातखाचरांत पाणी साचून हवा तुटली म्हणजे सूक्ष्मजंतूंच्या क्रियेने फेरिक लोहाचे पुन्हा फेरस लोह होते.

या दोन अवस्थांची सूत्रे ठरविण्यास बराच काळ लागला. जॉन डाल्टन यांनी १८०८ मध्ये अणूंसाठी वर्तुळाकार चिन्हे वापरली. येन्स याकॉप बर्झीलियस यांनी १८१३-१४ मध्ये लॅटिन नावांच्या आद्याक्षरांची पद्धती मांडली. ठराविक वजनाच्या लोहाशी संयोग पावणाऱ्या ऑक्सिजनाचे प्रमाण त्याच्या दोन ऑक्साइडांत २ : ३ असते, हे विश्लेषणावरून ज्ञात होते, परंतु केवळ वजनांवरून अणूंची संख्या कळत नाही. प्रत्येक ऑक्साइडात धातूचा एकच अणू असतो, असे गृहीत धरून बर्झीलियस यांनी त्यांत ऑक्सिजनाचे अनुक्रमे २ व ३ अणू मानले. परिणामी लोहाचा अणुभार प्रत्यक्षाच्या सु. दुप्पट आला.

आइलहार्ट मिचर्लिख यांनी १८१९ मध्ये मांडलेल्या समरूपतेच्या नियमाने हा पेच सुटला. क्रोमेटे व सल्फेटे यांचे स्फटिक समरूप असल्याने क्रोमिक अम्लाच्या ऑक्साइडात, सल्फर ट्राय-ऑक्साइडाप्रमाणेच, ऑक्सिजनाचे ३ अणू मानावे लागले. क्रोमियमाच्या हिरव्या ऑक्साइडात ऑक्सिजन त्याच्या निम्मा, म्हणजे धातूच्या २ अणूंस ३ असतो. फेरिक ऑक्साइड या हिरव्या ऑक्साइडाशी समरूप असल्याने त्याचेही प्रमाण तेच ठरले आणि फेरस ऑक्साइडाचे १ : १. त्यानुसार बर्झीलियस यांनी १८२६ मध्ये लोहाचा अणुभार निम्मा केला. यूस्टुस फोन लीबिख यांनी १८३४ मध्ये अणुसंख्या चिन्हाच्या पायाशी लिहिण्यास आरंभ केला.

‘फेरस’ व ‘फेरिक’ या जोडनावांवरून संयुजेचा अंक कळत नाही. अनेक संयुजा असलेल्या मँगॅनिजासारख्या धातूंना तर ती अपुरी पडतात. म्हणून आल्फ्रेट श्टोक यांनी १९१९ मध्ये धातूच्या नावापुढे कंसात संयुजेचा अंक देण्याची पद्धती सुचविली. ती आज रोमन अंकांत रूढ आहे.

सूत्र लिहिताना एकूण धन व ऋण भार समान करून लहानात लहान पूर्णांकी प्रमाण घेतात. फेरिक आयनाचा भार धन ३ व ऑक्साइड आयनाचा ऋण २ असल्याने २ लोह आयनांस ३ ऑक्साइड आयन लागतात. फेरिक क्लोराइडात मात्र एका लोह आयनास ३ क्लोराइड आयन पुरतात. क्ष-किरणांच्या साहाय्याने १९१३ पासून झालेल्या स्फटिकांच्या अभ्यासावरून आयनी स्फटिकांत स्वतंत्र रेणू नसतात, असे दिसून आले. म्हणून अशा संयुगाचे सूत्र रेणूची घटना दर्शवीत नसून आयनांचे प्रमाण दर्शविते.