कागद सरकारच्या कपाटात, पुरावा मात्र तुम्ही आणा!

पॉलेट विल्सन हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसेल. १९६८ साली, दहा वर्षांच्या असताना, त्या जमैकातून इंग्लंडला आल्या. शाळा तिथेच, नोकरी तिथेच. काही काळ तर थेट ब्रिटिश संसदेच्या उपाहारगृहात स्वयंपाक केला. तब्बल ३४ वर्षं राष्ट्रीय विम्याचे हप्ते भरले. २०१५ साली सरकारी पत्र आलं की तुम्हाला या देशात राहण्याचा हक्क नाही. भत्ता बंद, घरासाठीची मदत बंद. ऑक्टोबर २०१७ मध्ये त्यांना आठवडाभर कोठडीत ठेवलं, ते जमैकाला परत धाडण्यासाठी. त्या देशात त्या पन्नास वर्षांत गेल्या नव्हत्या.

हे कसं घडलं? थोडं मागे जावं लागेल.

जून १९४८ मध्ये 'एम्पायर विंडरश' नावाचं जहाज लंडनजवळच्या टिलबरी बंदराला लागलं. महायुद्धानंतर ब्रिटनला माणसं हवी होती, बस चालवायला, दवाखान्यात राबायला. वसाहतींतले लोक तेव्हा कायद्याने ब्रिटिश प्रजाजनच, त्यामुळे व्हिसाबिसाचा प्रश्नच नव्हता. पोरं तर आईबापाच्या पासपोर्टवर आली. पुढे १९७१ चा कायदा झाला, १ जानेवारी १९७३ पासून लागू. जे आधीच स्थायिक झालेत त्यांचा राहण्याचा हक्क त्यात कायम ठेवला. पण गंमत बघा, हक्क दिला आणि त्याचा साधा दाखला कुणाला दिला नाही! चाळीस वर्षं कुणाचं अडलंही नाही.

अडलं ते नंतर. १९९९ च्या कायद्याने बऱ्याच भत्त्यांच्या आधी 'तुमचा इथला दर्जा काय?' हा प्रश्न आला. २०१२ मध्ये गृहमंत्री थेरेसा मे यांनी जाहीरच केलं की बेकायदा राहणाऱ्यांसाठी वातावरण प्रतिकूल करून टाकायचं. मग २०१४ आणि २०१६ चे कायदे आले. घरमालक, बँक, दवाखाना, ज्याला त्याला तपासनीस बनवलं. आणि शंका आली की फाईल जायची गृहखात्याच्या टेबलावर.

खरी मेख या टेबलावर आहे. तिथल्या कारकुनाने काय मागितलं? इंग्लंडात राहिल्याचा दर वर्षाचा सरकारी कागद. काही जणांकडे तर एकेका वर्षाचे चार-चार. तुमच्याकडे १९७८ सालचं विजेचं बिल आहे का हो? आणि हीच माणसं वर्षानुवर्षं कर भरत होती, विम्याचे हप्ते भरत होती. म्हणजे नोंद सरकारकडेच, फक्त दुसऱ्या खात्यात. शेजारच्या खात्याला विचारण्याऐवजी म्हातारीला विचारलं. त्यात कहर म्हणजे, जहाजातून उतरतानाची जुनी नोंदपत्रं खात्याने २०१० मध्ये नष्ट करून टाकली होती.

तुम्ही म्हणाल, कारकून नालायक. मला तसं वाटत नाही. खालच्या माणसाला ठरवायचा अधिकार नव्हता, कायद्याचा इतिहास त्याला कुणी शिकवला नव्हता, आणि वरून आकडे मागितले जात होते. २५ एप्रिल २०१८ ला गृहमंत्री अँबर रड संसदीय समितीपुढे म्हणाल्या, परत पाठवण्याची उद्दिष्टं आमच्याकडे नाहीत. मग एक अंतर्गत टिपण फुटलं, त्यात वर्षाला १२,८०० जणांचं उद्दिष्ट लिहिलेलं! २९ एप्रिलला त्यांनी राजीनामा दिला. ज्या खात्याचं यश 'किती घालवले' यावर मोजलं जातं, तिथे फाईल कुठल्या बाजूला झुकणार, हे आपल्याकडच्या कुठल्याही तलाठ्याला विचारा.

हे सगळं बाहेर आलं त्यात 'गार्डियन'च्या अमेलिया जेंटलमन यांचा मोठा वाटा. नोव्हेंबर २०१७ पासून त्या एकेका माणसाची गोष्ट छापत राहिल्या. पत्रकार म्हणून सांगतो, पहिल्या बातमीला मंत्री हलत नाहीत. सहाव्या-सातव्याला हलतात.

एप्रिल २०१८ मध्ये पंतप्रधान झालेल्या मे यांनी माफी मागितली आणि खास पथक नेमलं. खातं तेच. सूचना मात्र उलट: कर आणि विम्याच्या नोंदी तुम्हीच शोधा, अर्जदाराला मदत करा. हजारो लोकांना कागद मिळाले. यात फक्त कॅरिबियन लोक नव्हते. १९७३ पूर्वी भारतातून जाऊन तिथे राहिलेलेही या योजनेत बसत होते. म्हणजे तपासणी करणं अशक्य कधीच नव्हतं.

मार्च २०२० मध्ये वेंडी विल्यम्स यांचा चौकशी अहवाल आला. ३० शिफारशी. त्यातली एक मला फार आवडली: गृहखात्याच्या कर्मचाऱ्यांना ब्रिटनच्या साम्राज्याचा आणि स्थलांतराचा इतिहास शिकवा. त्याच वर्षी जुलैमध्ये पॉलेट विल्सन गेल्या.

भरपाईची योजना २०१९ मध्येच सुरू झाली होती. ती कुणाकडे दिली? गृहखात्याकडेच! पुन्हा अर्ज, पुन्हा नुकसानीचे पुरावे, पुन्हा वाट. नोव्हेंबर २०२१ मध्ये संसदीय समितीने सांगितलं की हे काम या खात्याकडून काढून स्वतंत्र संस्थेला द्या. तोवर २३ जण भरपाई हातात पडण्याआधीच वारले होते. काम काढून घेतलं नाही.