आरोपीच्या पिंजऱ्यात कवितेचा सूर

१५ जून १८९७ च्या ‘केसरी’त ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता छापून आली. कवीचे नाव नव्हते. खाली सही होती ‘भवानी तलवारीची खूण’. जागे झालेले महाराज आपल्या देशाची दशा पाहतात: समृद्धी परागंदा झालेली, पाठोपाठ आरोग्यही गेलेले, सर्वत्र दुष्काळ. आठवड्याने पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली आणि सप्टेंबरात लोकमान्य टिळक राजद्रोहाच्या आरोपाखाली मुंबई उच्च न्यायालयात उभे राहिले. त्याच अंकातील शिवोत्सवाच्या भाषणांचा वृत्तांतही आरोपात होता.

शस्त्र उचला, असे त्या कवितेत कोठेही म्हटलेले नाही. त्यामुळे वाद उरला तो सुराचा. हा विलाप आहे की चिथावणी? ज्यूरीतील ६ युरोपीय सदस्यांनी टिळकांना दोषी ठरवले, ३ भारतीय सदस्यांनी निर्दोष. टिळकांना १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली. या फुटीमागे राजकारण होतेच; परंतु भाषांतरातून शब्दार्थ पोहोचला तरी सूर पोहोचेलच असे नाही, हेही विसरता येत नाही.

एवढ्यावर थांबले तर निष्कर्ष फार सोपा होतो: मराठी जाणणाऱ्याला शोक ऐकू आला, न जाणणाऱ्याला द्रोह. नाशिकच्या खटल्याने तो सोपेपणा मोडीत काढला.

गणेश ऊर्फ बाबाराव सावरकरांनी १९०८ मध्ये ‘लघु अभिनव भारतमाला’ या नावाने कवी गोविंद यांच्या कविता प्रसिद्ध केल्या. त्यांतही देवादिक होते, शिवाजी महाराज होते. जून १९०९ मध्ये कलम १२१ खाली, म्हणजे बादशहाविरुद्ध युद्धास चिथावणी दिल्याबद्दल, बाबारावांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. नोव्हेंबरात अपील फेटाळणाऱ्या न्यायमूर्तींपैकी एक होते नारायण गणेश चंदावरकर: मराठीचे जाणकार, काँग्रेसचे माजी अध्यक्ष, प्रार्थना समाजाचे धुरीण. अभंग गाणाऱ्या समाजातल्या या गृहस्थांना भक्तिकाव्याचा सूर कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

त्यांच्या निकालाचा आशय असा: देवांची आणि वीरांची नावे हे केवळ निमित्त आहे; अर्थ लावण्यासाठी गीतेतील विचार बाहेरून आणण्याचे कारण नाही; ज्याला मराठी येते, त्याला या कवितांत सरकारविरुद्धच्या युद्धाखेरीज दुसरे काही ऐकू येणार नाही.

हे वाचन चुकीचे होते, असे प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. ‘उद्गारां’तील महाराज स्वतःची व्यथा सांगतात, येथे मात्र पुराणातला प्रसंग वर्णन करता करता कविता समोरच्या श्रोत्यालाच हाक देते. अर्थात वाचन अचूक असले म्हणून शिक्षा न्याय्य ठरत नाही. चार कवितांसाठी माणसाला आयुष्यभर अंदमानात धाडणे, हे कोणत्याही मोजमापाने क्रौर्यच.

बाबारावांना खटल्यासाठी उभे करणारे नाशिकचे जिल्हाधिकारी जॅक्सन स्वतः संस्कृतचे व्यासंगी. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रसंगी अनंत कान्हेरे यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या.

गोविंद पुढे स्वातंत्र्याचे कवी म्हणून गौरवले गेले. त्या गौरवात त्यांच्या कवितेचा जो अर्थ गृहीत धरला आहे, तो अक्षरशः चंदावरकरांच्या निकालातला आहे.