दाभोशाहून त्र्यंबक : एका दिवसाच्या वाटेचा इतिहास

जव्हार-मोखाड्याकडे येणारा मुंबईकर प्रवासी बहुधा पावसाळ्यात येतो, दाभोशाचा धबधबा पाहतो आणि संध्याकाळी परततो. लेंडी नदी सुमारे तीनशे फूट खाली झेपावते ते दृश्य पाहण्यासारखे आहे याविषयी आमचे दुमत नाही. मात्र या धबधब्यापासून पंचाहत्तर किलोमीटरच्या आतबाहेर त्र्यंबकेश्वर आहे. जव्हार आणि मोखाडा ओलांडून घाट चढला की आपण थेट ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी पोहोचतो. ही वाट एका दिवसात सहज होते. ती कशी आखावी आणि कोणत्या क्रमाने पाहावी, हा या लेखाचा विषय. आमच्या मते सहलीची आखणी हा इतिहासलेखनाचाच एक प्रकार आहे. कुठे थांबायचे आणि कुठून न थांबता पुढे जायचे हे ठरवताना आपण काय लक्षात ठेवायचे आणि काय विसरायचे हेही ठरवीत असतो.

प्रथम काळाविषयी. दाभोसा पाहावा तो पावसाळ्यात, आणि त्र्यंबकला सर्वाधिक गर्दी होते तीही श्रावणातच, विशेषतः सोमवारी. तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला लोटणाऱ्या समुदायात सापडलो तर दिवसाचा हिशेब कोलमडलाच. निवृत्तिनाथांची यात्रा पौष वद्य एकादशीला भरते. तेव्हा गावोगावच्या दिंड्या पायी येतात आणि तो सोहळा पाहण्याजोगा असतो, पण त्या दिवसांत धबधब्याचे पाणी आटत आलेले असते. सिंहस्थाचे तर बोलायलाच नको. २०१५ नंतरचा सिंहस्थ २०२७ मध्ये येतो आहे. त्या काळात त्र्यंबकची वाट पर्यटकाने धरू नये, यात्रेकरूंसाठी मोकळी सोडावी. सप्टेंबरच्या अखेरीचा किंवा ऑक्टोबरच्या आरंभीचा, सोमवार टाळून निवडलेला दिवस सर्वांत सोयीचा. घाटात धुके कमी असते, नद्यांना पाणी असते आणि खाचरांत भात पिवळे पडू लागलेले असते. स्वतःचे वाहन असल्यास उत्तम. एस.टी.नेही जाता येते, मात्र मग वाटेतल्या थांब्यांवर पाणी सोडावे लागेल.

सकाळी लवकर धबधबा पाहून निघावे. जव्हार वीसेक किलोमीटरवर आहे. हे गाव कधीकाळी राजधानी होते, याचा पत्ता बाजारपेठेतून जाताना चटकन लागत नाही. महादेव कोळी समाजातील मुकणे घराण्याचे हे संस्थान. चौदाव्या शतकाच्या आरंभी जयाबा मुकणे यांनी त्याचा पाया घातला असे परंपरा सांगते. त्यांचे पुत्र निमशाह यांना १३४३ मध्ये दिल्लीच्या सुलतानाकडून राजा म्हणून मान्यता मिळाली आणि बावीस किल्ल्यांचा मुलूख त्यांच्याकडे राहिला. तेव्हापासून १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत, म्हणजे सहाशे वर्षांहून अधिक काळ, हे घराणे टिकले. त्या अवधीत सह्याद्रीच्या पूर्वेस बहमनी आले आणि गेले, निजामशाही उदयाला येऊन बुडाली, मराठ्यांचे राज्य उभे राहून लयाला गेले. जव्हार मात्र कधी खंडणी देऊन, कधी मुलूख गमावून, पण राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी या संस्थानाचे क्षेत्रफळ उणेपुरे तीनशे दहा चौरस मैल होते. पाठ्यपुस्तकात त्याला एखादी ओळही मिळत नाही, याचे आम्हांला आश्चर्य वाटत नाही. आपल्याकडे जे लढून संपले त्यांचा इतिहास होतो, जे नमते घेऊन टिकले त्यांचे गॅझेटिअर होते.

संस्थानाच्या स्थापनेची कथा मोठी मार्मिक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महादेव कोळ्यांची माहिती जमविणाऱ्या कॅप्टन मॅकिंटॉशने ती नोंदवली आणि पुढे गॅझेटिअरकारांनी उचलली. त्या वेळी जव्हारवर वारली प्रमुखाची सत्ता होती. बैलाच्या एका कातड्यात मावेल एवढीच जमीन मला द्यावी, असे कोळी नायकाने त्याच्याकडे मागितले. वारल्याने ती सहज कबूल केली. नायकाने कातड्याच्या बारीक पट्ट्या कापल्या, एकापुढे एक जोडल्या आणि त्या वादीने सारा मुलूख वेढला. व्हर्जिलचे महाकाव्य ज्यांनी वाचले आहे त्यांना कार्थेजची राणी डिडो येथे लगेच आठवेल. ही कथा जगात अनेक ठिकाणी भटकत गेली आहे, तेव्हा तिच्यात घटनेचा पुरावा शोधणे व्यर्थ. पण कथा इथेच रुजली, आणि टिकली, याला अर्थ आहे. शब्दाला जागणाऱ्या माणसाची जमीन शब्दांच्या चलाखीने जाते, हा अनुभव या डोंगरांत पुन्हा पुन्हा आला. सावकाराच्या कागदावर उमटवलेला अंगठा हे त्याच कातड्याचे पुढचे रूप. १९४५ मध्ये डहाणू-उंबरगावच्या पट्ट्यात गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली उठले ते वेठबिगारीच्या विरोधात, आणि वेठीच्या मुळाशी जमीनच होती.

जव्हारमध्ये राजे यशवंतराव मुकणे यांनी बांधलेला जयविलास राजवाडा प्रवासी आवर्जून पाहतात. वास्तू देखणी आहे. तिला अर्धा तास पुरे. आत जाता येईल की नाही याची चौकशी मात्र गावात आधी करावी. आम्ही आग्रहाने सुचवू ते ठिकाण राजवाड्याहून कितीतरी साधे आहे : गावालगतचा शिरपामाळ. सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराजांचा मुक्काम या माळावर पडला, राजे विक्रमशाह यांनी त्यांचे स्वागत करून मस्तकी शिरपेच चढवला आणि म्हणून माळाला शिरपामाळ हे नाव पडले, असे सांगतात. व्युत्पत्तीवर फार विसंबू नये; नावाला साजेशी कथा मागाहून जुळवण्याची खोड आपल्याकडे जुनी आहे. पण वाटेविषयी फारशी शंका नाही. १६६३ च्या अखेरीस महाराज देवदर्शनाचे निमित्त पुढे करून नाशिक-त्र्यंबककडे आले आणि तेथून डोंगरांतून झपाट्याने उत्तरेकडे उतरले. १६६४ च्या जानेवारीच्या ६ तारखेला मराठ्यांचे घोडदळ सुरतेत होते. मोगलांच्या सर्वांत श्रीमंत बंदरावर जाणारी ही वाट कोळी राजाच्या मुलुखातून जात होती. ती बिनबोभाट मोकळी मिळणे हीच खरी मदत. शिरपेच असो वा नसो.

माळावर स्मारक आहे आणि ते १६६४ चे आहे. पण इतिहास तिथे थांबला नाही. अवघ्या आठ वर्षांनी, १६७२ च्या जून महिन्यात, मोरोपंत पिंगळे मोठी फौज घेऊन जव्हारवर चालून आले. राज्य तेच, राजाही तोच, विक्रमशाह. गाव पडले, राजाला मुलूख सोडावा लागला आणि सतरा लाख रुपयांचा खजिना मराठ्यांच्या हाती लागला, असे जदुनाथ सरकारांनी लिहिले आहे. पाठोपाठ शेजारचे रामनगरही गेले. कारण उघड होते. सुरतेवर पुन्हा पुन्हा जायचे, तर वाट कोणाच्या मैत्रीवर अवलंबून ठेवून चालणार नव्हते. ती स्वतःच्या ताब्यात हवी होती. यात महाराजांना उणेपणा येतो असे आम्ही मानत नाही. सतराव्या शतकातील राजनीती अशीच चालत असे आणि विक्रमशाहही ती जाणून असणार. खटकते ते आपले स्मरण. शिरपेचाचा प्रसंग, जो कथेत आहे, त्याला चौथरा मिळाला. जव्हारच्या पाडावाला, जो इतिहासात आहे, साधी पाटीही नाही. शिरपामाळावर उभे राहणाऱ्याने दोन्ही साले मनात ठेवावीत, एवढेच आमचे म्हणणे.

पुढे मोखाडा. जव्हार आणि मोखाडा ही नावे आज आपण जोडीने घेतो, विशेषतः कुपोषणाच्या बातम्यांत. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीतील बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला, तेव्हापासून ही जोडी घट्ट झाली. वस्तुतः १९४८ पर्यंत ही गावे दोन राजवटींत होती : जव्हार संस्थानात, तर मोखाडा इंग्रजी अमलाखालच्या ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्याचा पेटा म्हणून. २०१४ च्या १ ऑगस्टला पालघर जिल्हा झाला आणि दोन्ही तालुके त्यात आले. होळीनंतरच्या दिवसांत या भागात बोहाडा होतो. देवदेवता, राक्षस आणि प्राणी यांचे मुखवटे चढवून सोंगे नाचतात. आमच्या आखणीत तो बसत नाही, कारण तो रात्री रंगतो आणि तेव्हा धबधब्याला पाणी नसते. त्याच्यासाठी वेगळे यावे आणि मुक्कामाला यावे.

मोखाडा सोडताना एका नदीची आठवण ठेवावी. वैतरणा. ती गोदावरीप्रमाणेच त्र्यंबकच्या डोंगरांत उगम पावते. एक पूर्वेला वळली आणि दक्षिणगंगा झाली, दुसरी पश्चिमेला उतरून या तालुक्यांच्या दऱ्यांतून समुद्राकडे गेली. त्र्यंबकच्या माहात्म्यात मान गोदावरीचा. पण मुंबईहून येणारा प्रवासी रोज पितो ते पाणी बव्हंशी वैतरणा-भातसा खोऱ्यांतले. मोखाडा तालुक्यात बांधलेल्या मध्य वैतरणा धरणातून मुंबईला दररोज साडेपंचेचाळीस कोटी लिटर पाणी मिळावे अशी योजना होती आणि २०१४ मध्ये ते धरण कार्यान्वित झाले. उन्हाळ्यात याच तालुक्याच्या पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत आम्ही धरण घालणार नाही. पण बाटलीतले पाणी पिताना ते कोठून आले हे सहप्रवाशांना सांगायला हरकत नाही.

तोरंगणचा घाट चढला की हवा बदलते आणि ब्रह्मगिरीचा कडा समोर येतो. दुपारपर्यंत त्र्यंबक गाठावे. आधी कुशावर्त पाहावे, मग मंदिर. गर्दी पाहून क्रम उलटा केला तरी चालेल. आजचे काळ्या पाषाणाचे मंदिर नानासाहेब पेशव्यांनी १७५५ मध्ये बांधायला घेतले आणि ते १७८६ मध्ये पूर्ण झाले. पानिपतच्या धक्क्याने १७६१ मध्ये नानासाहेब गेले; म्हणजे कळस चढलेला त्यांनी पाहिला नाही. मधल्या पंचवीस वर्षांत गादीवर चार पेशवे आले, त्यांतल्या नारायणरावांचा खून झाला, इंग्रजांशी युद्ध झाले, तरी दगडावर छिन्नी पडत राहिली. एकूण खर्च सोळा लाखांच्या आसपास झाल्याचे सांगतात. जव्हारच्या खजिन्याचे सतरा लाख आणि मंदिराचे सोळा लाख यांत शतकाचे अंतर आहे आणि रुपयाचे मोलही बदललेले. तेव्हा या आकड्यांची तुलना शास्त्रशुद्ध नव्हे. पण एका दिवसात दोन्ही जागा पाहणाऱ्याला ती सुचल्यावाचून राहत नाही. डोंगरातले एक लहानसे कोळी राज्य अगदीच दरिद्री नव्हते, हे तरी तिने कळते.

जपानमध्ये टोकियोहून कामाकुराला जाणाऱ्यांची सहल येथे आठवते. महाबुद्धाच्या मूर्तीसाठी आणि झेन मठांसाठी प्रसिद्ध असलेले ते गाव रेल्वेने तासाभराच्या अंतरावर आहे. पण ती रेल्वे भाविकांसाठी आली नव्हती. १८८९ मध्ये योकोसुकाच्या आरमारी तळासाठी तो फाटा टाकला गेला आणि त्याचे रूळ एंगाकुजी या प्राचीन मठाच्या आवारातून काढले गेले. आज त्याच गाडीने यात्रिक त्या मठाच्या दाराशी उतरतात. सैन्याच्या सोयीने वापरात आलेली वाट पुढे देवदर्शनाची होते. त्र्यंबक-जव्हारच्या वाटेवर मात्र देवदर्शन आधी होते आणि १६६३ मध्ये त्याच्याच आडोशाने स्वारी निघाली.

त्र्यंबकमध्ये आणखी एक जागा चुकवू नये : निवृत्तिनाथांची समाधी. ज्योतिर्लिंगाच्या रांगेत चार तास गेले म्हणून समाधीकडे न फिरकताच परतणारे बरेच. ज्ञानदेवांना ज्यांनी दीक्षा दिली, ज्यांच्या आज्ञेने मराठीत गीतेची टीका झाली, ते येथे विसावले आहेत. मराठी शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांनी तरी हा क्रम उलटा करावा; आधी समाधी, मग रांग. ब्रह्मगिरीवर चढून गंगाद्वार गाठायचे असेल तर दिवस पुरणार नाही, आणि अंधारात घाट उतरणे इष्ट नव्हे. पाचच्या सुमारास निघाले तर उजेड असतानाच मोखाडा येते. तेथे चहा घ्यावा, आणि जव्हारला पोहोचेपर्यंत दिवे लागलेले असतात.