'ये अपना है क्या?' : पाचगणीच्या फर्रुखची गोष्ट

हळदीचा हंगाम सुरू झाला की आमच्या वसमतच्या मोंढ्यात हवेतही पिवळी धूळ असते. अशाच एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी चहाच्या टपरीवर बसलो होतो. आमच्या शाळेतला नववीचा एक मुलगा आला, अब्बांचा मोबाइल माझ्या कानाला लावला आणि म्हणाला, "सर, ये गाने में बिस्मिल्ला बोलताय. सुनो तो."

मी ऐकलं. इंग्रजी गाणं. सुरुवातीला नुसते एकत्र गाणारे आवाज, पुढे पियानो आणि एक हळवा आवाज. मग अचानक नाटकातल्यासारखे पन्नास-शंभर आवाज एकमेकांशी भांडायला लागले आणि त्या भांडणात स्पष्ट ऐकू आलं, 'बिस्मिल्ला'. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. त्यानंतर गिटारींचा असा कडकडाट झाला की मी मोबाइल कानापासून दूर धरला.

मुलाने विचारलं, "ये अपना है क्या, सर?"

मी म्हणालो, "नहीं बेटा, अंग्रेज है."

घरी येऊन वाचायला बसलो तेव्हा कळलं की मी त्याला चुकीचं उत्तर दिलं होतं. हा लेख म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती आहे.

गाण्याचं नाव 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी', साल १९७५, बँडचं नाव क्वीन. लिहिणारा आणि गाणारा फ्रेडी मर्क्युरी. पण हे त्याने स्वतः घेतलेलं नाव. आईबापांनी ठेवलेलं नाव होतं फर्रुख. ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांजिबारच्या स्टोन टाऊनमध्ये एका पारशी घरात त्याचा जन्म झाला. वडील बोमी बुलसारा ब्रिटिश सरकारच्या कचेरीत रोखपाल होते, आईचं नाव जेर. बुलसारा हे आडनाव गुजरातच्या बुलसार गावावरून आलं. त्या गावाला आज आपण वलसाड म्हणतो. आपल्या भाषेत सांगायचं तर हे लोक वलसाडकर.

आणि फर्रुख? इंग्रजीत ते 'फारोख' असं लिहिलं जातं, म्हणून चटकन लक्षात येत नाही. पण उर्दू शिकवणाऱ्याला हे नाव अनोळखी कसं असेल? फर्रुख म्हणजे शुभ, भाग्यवान. मोगल बादशाह फर्रुखसियर आणि त्याच्या नावाने वसलेलं फर्रुखाबाद आपण इतिहासात वाचतो. शब्द फारसी, म्हणून पारश्यांचाही आणि आपलाही. माझ्या हजेरीपटावर आजवर दोन फर्रुख येऊन गेले आहेत.

झांजिबार हे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळचं बेट. तिथे ओमानी वंशाच्या सुलतानाचं राज्य होतं, वर इंग्रजांचं संरक्षण. लवंगांचा व्यापार मोठा. त्यामुळे गुजरातचे खोजे, बोहरे, पारशी आणि आपल्या रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमानही पूर्व आफ्रिकेच्या त्या किनाऱ्यावर पोचले होते. मशिदीची अजान, मंदिराची घंटा आणि पारश्यांची अग्यारी एकाच गावात. 'बिस्मिल्ला' हा शब्द त्या मुलाने पुस्तकात शोधलेला नव्हता, तो रोज त्याच्या कानावर पडत असणार.

आठव्या वर्षी फर्रुखला शिकायला भारतात पाठवलं गेलं. बोटीने मुंबई आणि तिथून सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीला, सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात. आईबाप समुद्रापलीकडे. सुट्टीत मुंबईला आजी आणि मावशी-आत्याकडे राहायचं. आमच्या इकडे पाचगणी म्हणजे टेबल लँड, घोडे आणि स्ट्रॉबेरी. पण इंग्रजांच्या काळापासून ते निवासी शाळांचंही गाव आहे.

या शाळेने त्याच्या बाबतीत दोन गोष्टी केल्या. पहिली, मुलाला संगीताचं अंग आहे हे ओळखलं. मुख्याध्यापकांनी घरी पत्र पाठवून कळवलं की थोडी जास्त फी भरलीत तर याला पियानो नीट शिकवता येईल. घरच्यांनी फी भरली. मुलगा पियानोची चौथी परीक्षा पास झाला, शाळेच्या गायनवृंदात गायला लागला. बाराव्या वर्षी चार मित्रांबरोबर त्याने 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. गंमत अशी की या बँडमध्ये मुख्य गायक तो नव्हता. गाणारा दुसराच मुलगा होता, हा मागे पियानो वाजवायचा. त्या पाचांपैकी व्हिक्टरी राणा पुढे नेपाळच्या सैन्यात जनरल झाले आणि सायप्रसमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे प्रमुखही.

दुसरी गोष्ट, याच शाळेत फर्रुखचा फ्रेडी झाला. त्याला जन्मापासून वरच्या जबड्यात चार दात जास्त होते, त्यामुळे पुढचे दात बाहेर यायचे. पोरं 'बकी' म्हणून चिडवायची. 'बकी'पेक्षा 'फ्रेडी' केव्हाही बरं. सोबतच्यांना सोपं जायचं, त्यालाही आवडलं आणि तेच कायम झालं.

मी शिक्षक आहे, म्हणून मला इथे थांबावंसं वाटतं. शाळेत नाव बदलणं ही लहान गोष्ट दिसते. बी.एड.च्या वर्षी मी एका मोठ्या शहरात खोली शोधत होतो. चार ठिकाणी नाव सांगितलं आणि चारही खोल्या त्याच क्षणी 'कालच दिल्या' गेलेल्या निघाल्या. पाचव्या ठिकाणी जाताना मित्र म्हणाला, "पूर्ण नाव कशाला सांगतोस? राजू सांग." मी राजू सांगितलं. घरमालक भले होते, घरमालकीण बाईंनी दिवाळीचा फराळही दिला. अब्बांची उर्दूतली पत्रं मी कॉलेजच्या पत्त्यावर मागवायचो. अकरा महिने मी राजू होतो. कुणी मारलं नाही की शिवी दिली नाही. पण ईदच्या दिवशी मला सकाळी सहालाच बाहेर पडावं लागलं, नवे कपडे पिशवीत घालून. अम्मीला हे मी कधी सांगितलं नाही.

फर्रुख १९६३ मध्ये झांजिबारला परतला. त्याच वर्षी १० डिसेंबरला बेट स्वतंत्र झालं आणि जेमतेम महिनाभरात, १२ जानेवारी १९६४ रोजी, तिथे क्रांती झाली. सुलतान पळाला. हजारो अरब आणि हिंदुस्थानी मारले गेले. बुलसारा कुटुंब हाताशी होतं ते घेऊन इंग्लंडला गेलं आणि लंडनच्या विमानतळाजवळच्या फेल्टम भागात राहिलं. फर्रुख तेव्हा सतरा वर्षांचा होता.

पुढे जगप्रसिद्ध झाल्यावरही झांजिबार आणि हिंदुस्थानबद्दल तो मुलाखतींत फारसं बोलला नाही. यावरून काहीजण त्याला दोष देतात, मूळ लपवलं म्हणतात. मला दोष देववत नाही. वसमत १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं. पोलीस ॲक्शनच्या दिवसांबद्दल आमच्या घरात दादाजान शेवटपर्यंत बोलले नाहीत. विचारलं की पानाचा डबा उघडायचे. ज्यांनी पाहिलेलं असतं, ते बहुतेक असेच असतात.

इंग्लंडमध्ये त्याने ईलिंग आर्ट कॉलेजात ग्राफिक आर्ट आणि डिझाइन शिकून १९६९ मध्ये पदविका घेतली. हीथ्रो विमानतळावर सामान उचललं, केन्सिंग्टनच्या बाजारात जुने कपडे विकले. १९७० मध्ये ब्रायन मे आणि रॉजर टेलर या दोघांच्या बँडला तो जाऊन मिळाला. बँडचं नाव 'क्वीन' त्यानेच ठेवलं, त्याचं बोधचिन्ह त्यानेच काढलं. त्याच सुमारास बुलसारा जाऊन 'मर्क्युरी' आलं. वर्षभरात जॉन डीकन आला आणि चौघे पूर्ण झाले.

आता थोडं हेवी मेटलबद्दल, कारण त्या मुलाला आवडला होता तो गिटारींचा कडकडाटच. हे संगीत इंग्लंडच्या कारखान्यांच्या गावातून आलं. बर्मिंगहॅमच्या टोनी आयोमी नावाच्या कामगाराच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात यंत्राखाली तुटली. त्याने प्लास्टिक वितळवून बोटांना टोपणं केली, गिटारीला हलक्या तारा लावल्या, म्हणजे दाबायला सोप्या. त्यातून जो जड आवाज निघाला, तो घेऊन 'ब्लॅक सॅबथ' या त्याच्या बँडने १९७० मध्ये पहिला अल्बम काढला. हेवी मेटलची सुरुवात बहुतेक लोक तिथूनच धरतात. अशा गदारोळावर गाणाऱ्याचा गळा वेगळाच लागतो. गिटारीच्या वर चढायचं आणि तरी शब्द ऐकू यायला हवेत.

फ्रेडीला निखळ हेवी मेटलचा गायक म्हणता येणार नाही. तो ऑपेराही गायला, नाचाची गाणीही. पण क्वीनच्या सुरुवातीच्या अल्बममध्ये हे जड संगीत भरपूर आहे. १९७४ चं त्यांचं 'स्टोन कोल्ड क्रेझी' इतक्या वेगाचं आहे की पुढच्या पिढीच्या वेगवान मेटलची चाहूल त्यातच लागली, असं जाणकार म्हणतात. अमेरिकेच्या मेटॅलिका बँडने १९९० मध्ये हेच गाणं आपल्या पद्धतीने गायलं आणि १९९१ मध्ये त्यासाठी मेटल सादरीकरणाचं ग्रॅमी मिळवलं. ज्या संग्रहासाठी त्यांनी ते गायलं, त्याचं नाव होतं 'रुबाइयात'. उर्दूच्या मास्तराने यावर हसू नये तर काय करावं?

२०१६ मध्ये युरोपातल्या काही संशोधकांनी त्याच्या आवाजाचा अभ्यास छापला. त्याच्या मुलाखती मोजून त्यांनी दाखवलं की बोलताना त्याचा आवाज खालच्या पट्टीचा होता, सेकंदाला साधारण ११७ कंपनं. तरी तो गायचा मात्र वरच्या पट्टीत. गळ्याचा कंप नेहमीच्या गायकांपेक्षा जलद होता. म्हणजे निसर्गाने दिलेल्या जागेवर तो गायलाच नाही, मेहनतीने वर चढून गायला. १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर, इथिओपियाच्या दुष्काळासाठी झालेल्या 'लाइव्ह एड'मध्ये, त्याने सुमारे ७२ हजार लोकांना वीसेक मिनिटं आपल्या सुरात सूर मिसळायला लावला. पाचगणीत मागे पियानोवर बसणारा तो पोरगा.

१९७८ च्या 'जाझ' या अल्बमची सुरुवातच त्याच्या 'मुस्तफा' नावाच्या गाण्याने होते. त्यात अल्लाह आहे, इब्राहिम आहे, सलाम आहे. हे शब्द त्याने श्रद्धेने वापरले असा दावा मी करणार नाही. आपल्यातल्या काहींना ते खटकेल, तेही मला समजतं. पण त्याने टिंगल केली असंही मला वाटत नाही. गाव सुटतं, पण कानात राहिलेलं सुटत नाही, एवढंच मी त्यातून घेतो.

आता अवघड भाग. फ्रेडीचे पुरुषांशी संबंध होते, आणि त्याला एड्स झाला. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने निवेदन काढून आजार जाहीर केला आणि दुसऱ्याच दिवशी वयाच्या ४५ व्या वर्षी तो गेला. त्या काळात एड्स म्हणजे काय होतं, हे माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल. मयतीला खांदा द्यायला माणसं यायची नाहीत. त्याच्या मित्रांनी १९९२ मध्ये त्याच्या नावाने एड्सविरोधी काम करणारी संस्था काढली. २० एप्रिल १९९२ ला वेम्बलीवर त्याच्या आठवणीत कार्यक्रम झाला, तेव्हा 'स्टोन कोल्ड क्रेझी' गायला मेटॅलिकाचा जेम्स हेटफिल्ड होता आणि गिटारीवर तोच बर्मिंगहॅमचा, टोपणं घातलेल्या बोटांचा टोनी आयोमी.

२००६ मध्ये झांजिबारला त्याच्या साठाव्या वाढदिवसाचा जलसा ठरला, तेव्हा तिथल्या एका मुस्लिम संघटनेने विरोध केला. त्यांचं म्हणणं, हा माणूस आमचा नाही, त्याचं जगणं आमच्या दीनला मान्य नाही. दीनमध्ये काय मान्य आहे ते उलेमा सांगतील, ते माझं काम नाही. माझं काम इतिहासाचं आहे, आणि इतिहासात लिहिलेलं आहे की तो त्याच बेटावर जन्मला आणि त्याच बेटावरून जीव वाचवून पळाला. २०१९ मध्ये तिथेच, स्टोन टाऊनमध्ये, त्याच्या नावाचं संग्रहालय उघडलं. आता पर्यटक तिकीट काढून बघतात. ज्याला 'आमचा नाही' म्हटलं, त्याच्यावर दुकानं चालतात. आपल्याकडेही कमला हॅरिस जिंकल्या की पेढे वाटतात आणि शेजारच्या पोराला खोली मिळत नाही.

लंडनमध्ये त्याचे अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केले. आईबाप तेव्हा हयात होते. आयुष्यभर फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगलेल्या मुलावर शेवटी त्यांच्याच धर्माच्या प्रार्थना म्हटल्या गेल्या. हे वाचताना मला माझी ती नव्या कपड्यांची पिशवी आठवली.

फर्रुखने नाव बदललं नसतं तर तो इतका मोठा झाला असता का? १९७० च्या लंडनमध्ये हिंदुस्थानी-पाकिस्तानी दिसणाऱ्या पोरांना रस्त्यात गाठून मारत असत. तेव्हा 'बुलसारा' नावाचा रॉक गायक लोकांनी कितपत स्वीकारला असता, याची मला शंका आहे. म्हणून मी त्याच्यावर चिडत नाही. पण त्याचं मोल काय पडलं, ते तोच जाणे. माझं मोल अकरा महिन्यांचं होतं, त्याचं आयुष्यभराचं.

दोन दिवसांनी तो नववीचा मुलगा वर्गाबाहेर भेटला. मी त्याला म्हणालो, "बेटा, परसों मैंने गलत बताया. वो अंग्रेज नहीं था. उसका नाम फर्रुख था. पाचगणी में पढ़ा."

त्याचे डोळे मोठे झाले. "मतलब अपना था, सर?"

मी त्याला झांजिबार, बुलसार, पारशी असं सगळं सांगायला लागलो. पोरगा ऐकत होता, पण मधेच घंटा झाली. जाता जाता तो म्हणाला, "सर, अपनी स्कूल में पियानो नहीं है ना?"

नाही. आमच्या शाळेत पेटीसुद्धा नाही. त्याला गाता येतं का, हे मी इतक्या वर्षांत विचारलेलं नव्हतं. पुढच्या शनिवारी शेवटचा तास मोकळा असतो, तेव्हा वर्गातल्या सगळ्यांना गायला सांगणार आहे. हजेरी घेऊन, प्रत्येकाला पूर्ण नावाने हाक मारून.