साडेआठ पौंडांचा क्लास

१८५१च्या मे महिन्यात यॉर्कला दोनच घोडे धावले आणि ते बघायला अफाट गर्दी लोटली. फ्लाइंग डचमन १८४९चा डर्बीविजेता, व्होल्टिजर १८५०चा. आदल्या वर्षी डाँकास्टरला धाकट्याने थोरल्याला हरवलं होतं. थोरल्याचा तो पहिलाच पराभव. आता खरा भारी कोण? वजनं ठरवायला बसवलं हेन्री राउस या आरमारी अधिकाऱ्याला. त्याने व्होल्टिजरला आठ स्टोन दिले आणि फ्लाइंग डचमनवर साडेआठ पौंड जास्त टाकले. डचमन लांबीभराने जिंकला. मला त्या निकालापेक्षा तो अर्धा पौंड जास्त आवडतो. दोन जनावरांमधला फरक पाव किलोपर्यंत सांगता येतो, असा आत्मविश्वास त्यात आहे.

त्याआधी इतका बारकावा नव्हता. राजाच्या बक्षिसासाठी धावणारे घोडे सरसकट बारा स्टोन, म्हणजे सुमारे ७६ किलो, वाहून चार-चार मैलांच्या फेऱ्या मारत. जो चांगला तो जिंके. पण मग त्याच्याविरुद्ध पैसे लावणार कोण? काही शर्यतींत उंचीवर वजन ठरवून पाहिलं. आपल्याकडेही अरबी घोड्यांच्या शर्यतींत इंच मोजून वजन देत. १७९१ साली अ‍ॅस्कॉटच्या ओटलंड्स शर्यतीत एकोणीस घोडे कुवतीप्रमाणे वेगवेगळं वजन घेऊन उतरले आणि प्रिन्स ऑफ वेल्सचा बॅरोनेट जिंकला. अशा मोठ्या हँडिकॅप शर्यतींची परंपरा तिथून धरतात.

राउस १८५५ पासून सार्वजनिक हँडिकॅपर झाला. सुकाणू मोडलेलं जहाज अटलांटिकपलीकडून घरी आणलेला हा गडी. घोड्याचं वय, वर्षाचा महिना आणि शर्यतीचं अंतर धरून कोणी किती वजन वाहावं याचं कोष्टकच त्याने बसवलं. हँडिकॅपचा हेतू सगळ्यांना एका रेषेत आणण्याचा, म्हणजे क्लास, घोड्याचा दर्जा, पुसून टाकण्याचा. पण प्रत्येक घोड्याचा फरक पुसायचा तर आधी तो आकड्यात मांडावा लागतो. पैसे लावणाऱ्या पंटरने नेमका तो आकडा उचलला.

मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सच्या कोलमध्ये, म्हणजे शर्यतींच्या पुस्तिकेत, आज तोच आकडा रेटिंग म्हणून छापून येतो, आणि एक पॉइंट म्हणजे अर्धा किलो. पाचव्या क्लासात १ ते २६ रेटिंगचे घोडे, चौथ्यात २० ते ४६, तिसऱ्यात ४० ते ६६. खरी मेख या पट्ट्या एकमेकींवर चढतात तिथे आहे. २४ रेटिंगचा घोडा दोन्हीकडे धावू शकतो. वरचं वजन ६० किलो धरलं, तर पाचव्या क्लासात तो ५९ किलो घेऊन जवळजवळ शिरोमणी. चौथ्यात ४९ किलोवर तळाजवळचा, पण समोर दणकट मंडळी. ट्रेनरने यातलं काय निवडलं, यावरून जाणता माणूस स्टेबलचा अंदाज बांधतो. ‘क्लासातून खाली आलाय’ एवढं ऐकून पैसे लावणारे अर्धंच वाचतात. घोडा खाली येतो तो बहुधा हरत हरत, आणि खाली आला की त्याच्याच पाठीवर सगळ्यांत जड खोगीर. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली रेस हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला. ते कौशल्य कुठे असलंच, तर या वाचनात.

इंग्लंडात गणिताचा पदवीधर फिल बुल याने १९४८ साली टाइमफॉर्म काढून हँडिकॅपरला समांतर आकडे विकायला सुरुवात केली. त्यांच्या हिशेबात १९६५चा सी-बर्ड १४५ वर होता. २०१२ साली फ्रँकेलला १४७ मिळाले. अधिकृत हँडिकॅपरांनी मात्र फ्रँकेलला १४० दिले आणि अडचण झाली, कारण १९८६च्या डान्सिंग ब्रेव्हच्या नावावर १४१ होते. जुने आकडे सढळ हाताने दिले गेले होते, असं म्हणत २०१३च्या जानेवारीत फेरहिशेब झाला आणि डान्सिंग ब्रेव्ह १३८ वर आला. तोवर त्याला मरून तेरा वर्षं उलटली होती.